ताटाची खिडकी

जगातल्या कुठल्याही वस्तूला तिच्या नावानं हाक मारायची नाही, अशी शपथ घेतलेला एकच माणूस मी हयातीत बघितला, आणि तो नेमका आमच्या हैदराबादेतल्या नल्लकुंट्याच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्यानं राहायला आला. मागताना चहाला तो चहा म्हणत नसे, रिक्षाला रिक्षा म्हणत नसे, आणि माझ्या देखत त्यानं कुणा माणसाचं नावसुद्धा कधी विचारलं नाही. एकदाच विचारलं, ते पुढं येईल. माणूस पुण्याचा, एकटा, वयानं माझ्या पोरासारखा, आबिड्सच्या एका क्लासात कॉम्प्युटरची भाषा शिकवणारा. सगळी गल्ली त्याला गच्चीवरचे मास्तर म्हणायची. मीही तेच म्हणणार. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस आहे. मास्तर म्हटलं की एकेरी बोलायला जीभ अजून वळत नाही.

मास्तरांचं म्हणणं असं की, वस्तू कोण आहे हे विचारू नये, ती काय करते ते विचारावं. ऐकायला बरं वाटतं. जगायला घेतलं की पंचाईत होते. नारायणगुड्याच्या कोपऱ्यावरच्या इराण्याकडे आम्ही जाऊन बसलो की वेटर यायचा, "क्या होना साब?" मास्तर शांतपणे म्हणायचे, "गरम होना, मीठा होना, और उसमें बिस्कुट डूबना." वेटर तिथूनच आत ओरडायचा, "एक चाय, हौलेवाली!" हौला म्हणजे आमच्या हैदराबादेत डोकं फिरलेला. मास्तरांना त्याचा राग नव्हता. उलट मलाच समजवायचे, "काका, मी चहाचं नाव घेतलं असतं आणि चहा संपला असता, तर मी अडलो असतो. परवा त्यानं कॉफी आणली. बिस्कीट बुडलं. काम झालं." मी म्हटलं, "आणि उद्या त्यानं गरम गरम पायसम आणलं तर?" इथली खीरच ती, तीही गरम, तीही गोड. मास्तर विचारात पडले. बिस्कीट हातातच राहिलं. मग म्हणाले, "करारात सुधारणा करावी लागेल." दुसऱ्या दिवसापासून मागणी लांबली: "गरम होना, मीठा होना, बिस्कुट डूबना, और चमचा नक्को."

पायातही तोच न्याय. एका पायात कोल्हापुरी, दुसऱ्यात रबरी. म्हणायचे, दोन्ही काटा लागू देत नाहीत, मग त्यांची जोडी जुळलीच पाहिजे हा हट्ट कशाला? आमच्या घरातली हसायची, "मास्तर, तुमच्या दोन पायांची दोन घरी सोयरीक झाली वाटतं." आणि वाहनाचं तर विचारू नका. हिमायतनगरच्या रस्त्यावर उभे राहून, आबिड्सकडे तोंड असलेलं जे दिसेल त्याला हात करायचे. एकदा लग्नाच्या बँडवाल्यांचा टेम्पो थांबला. मास्तर चढले. बसायला जागा नव्हती म्हणून मांडीवर ढोल घ्यावा लागला, आणि ढोल मांडीवर आहे म्हटल्यावर बँडवाले म्हणाले, नुसतं काय बसता, वाजवा. मास्तरांनी आबिड्सपर्यंत वाजवला. क्लासच्या दारात पोरं उभी होती. त्यांच्यासमोर ढोल गळ्यात घेऊन मास्तर उतरले, ढोल परत केला आणि म्हणाले, "मागितलं होतं पोचवणारं वाहन. आलं ते हे. मी पोचलो. आजचा धडा झाला." पोरं म्हणे त्या दिवशी खरंच घरी गेली.

पण मास्तरांचं खरं वेड समजायचं तर आमच्या घरची खिडकी समजली पाहिजे.

मी पंख्यांच्या कारखान्यात फिटर होतो. उदगीरकडून बापाचं बोट धरून आलो, मिशा फुटायच्या आधी कामाला लागलो. मग दिल्लीत कुणीतरी बाजार खुला केला. बाहेरचा माल आला, रंगीत खोक्यांतून आला, आणि आमचा कारखाना आधी आजारी पडला आणि मग मेला. साहेबांनी हार घातले, नारळ दिले आणि घरी पाठवलं. मी ओट्यावर बसून गल्लीतल्या कुत्र्यांवर देखरेख करू लागलो. तिकडं माझ्यासारखे घरी बसत होते आणि इकडं रोजच्या गाडीनं पुण्या-मुंबईची पोरं कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांसाठी हैदराबादेत उतरत होती. इथली मिरची आणि चिंच त्यांच्या पोटाला मानवायची नाही. पोरं सुकायला लागली. ते बघून घरातलीनं एक दिवस मला विचारलंही नाही, स्वयंपाकघराची गल्लीकडची खिडकी उघडली आणि भाकरी थापायला बसली.

मग ती खिडकी मी स्वतः नीट करून दिली. मधले गज कापले, उंबरठ्यासारखी रुंद फळी बसवली, आणि एकच सागवानी झडप लावली, बाहेर गल्लीकडे उघडणारी. उघडली की पार फिरून बाहेरच्या भिंतीला टेकायची आणि आकड्यात अडकायची, म्हणजे वाऱ्यानं आपटायला नको. गिऱ्हाइकानं यायचं, फळीवर बोटांनी टकटक करायची आणि म्हणायचं, "मावशी, ताट!" बास. काय आहे, काय नाही, विचारायचं नाही. ती आत चुलीपाशी खाली बसलेली असायची. बाहेरच्याला कोपरापर्यंत दोन हात दिसायचे आणि त्या हातांत ताट. ताट कुठलं हे ती नुसत्या आवाजावरून ठरवायची. घसा बसलेला असला की मऊ भात आणि वरण. गुरुवारवाला असला की भगर. आवाजात घरची आठवण असली की पिठलं, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी जरा ढीगभर. "आवाजात आठवण कशी कळते गं?" मी एकदा विचारलं. म्हणाली, "तुमचा आवाज कारखाना बंद झाल्यापासून तसाच आहे. सवय झाली."

मास्तर पहिल्यांदा खिडकीशी आले तेव्हा म्हणाले, "पोट भरेल, पचेल आणि जीभ पोळणार नाही, असं काहीतरी." आतून आवाज आला, "ताट म्हणा की सरळ!" मास्तर चमकले. फळीला धरून उभे राहिले. आणि तुम्हाला सांगतो, त्या दिवसापासून जगात ही एकच वस्तू होती जी ते बिनदिक्कत नावानं मागायचे. मी म्हटलं, शपथ मोडली ना? तर म्हणाले, "काका, ताट हे वस्तूचं नाव नाहीच. ते कराराचं नाव आहे. आत रोजचं ताट आहे, उपासाचं आहे, आजाऱ्याचं आहे. तिन्ही वेगळी. पण पोट भरायचं, पचायचं, जीभ पोळू द्यायची नाही, एवढं तिन्ही कबूल करतात. म्हणून बाहेरच्यानं फक्त ताट म्हणायचं. मी पोरांना महिनाभर हेच शिकवतोय आणि त्यांच्या डोक्यात शिरत नाही. मावशींनी एका खिडकीत करून ठेवलंय."

मग काय, दर रविवारी क्लास आमच्या ओट्यावर. मास्तर खिडकीशेजारी उभे, पोरं पायऱ्यांवर, आणि मी हजेरी घेतल्यासारखा मध्ये. "समजा," मास्तर सांगायचे, "तुम्ही प्रत्येक जण भूक लागली की आत घुसून आपापलं ताट करून घेताय. म्हणजे पीठ कुठल्या डब्यात, मीठ कुठं, हे प्रत्येकाला माहीत पाहिजे. उद्या मावशींनी डबा बदलला की सगळे उपाशी. तुमचे प्रोग्राम असेच आहेत. जिथं तिथं आतल्या वस्तूंची नावं लिहून ठेवलीत. ती पुसा. बाहेर फक्त करार ठेवा, त्याला इंटरफेस म्हणतात. कुठली वस्तू घडवायची ते एकाच ठिकाणी, आत ठरू दे. त्या जागेला म्हणतात फॅक्टरी. कारखाना." आतून पिठाच्या हातांनी ही डोकावली, "मला मशीन केलं का हो मास्तर?" "नाही मावशी, अख्खा कारखाना." "बघा बाई," ती म्हणाली, "ह्यांचा बंद पडला आणि माझा निघाला." सगळी पोरं हसली. मीही हसलो. तिचं तोंड त्या दिवशी पोरांनी बहुतेक पहिल्यांदा बघितलं, तेही क्षणभर.

कारखाना हा शब्द ऐकून मला राहवेना. दुपारी मी गच्चीवर गेलो. "मास्तर, तुमच्या कारखान्यात काय बनतं?" "मागाल ते." "भोंगा?" "नाही." "धुराडं?" "नाही." "कामगार किती?" "एकही नाही." "म्हणजे युनियनही नाही?" "नाही." "तरीच चालतोय," मी म्हटलं आणि खाली उतरलो. माझं समाधान झालं.

मास्तरांच्या खिशात कायम खडू. बोलता बोलता दिसेल त्या पृष्ठभागावर चौकोन काढायचे आणि चौकोनापासून चौकोनापर्यंत तुटक रेघेचा बाण. आमची पाण्याची टाकी, माझ्या सायकलचं सीट, कशालाच सुटका नव्हती. एका रविवारी पोरं जास्त आली, ओटा पुरेना, तेव्हा मास्तरांनी गल्लीतल्या भिंतीच वापरल्या. प्रत्येक घराच्या कुंपणाच्या भिंतीवर एक चौकोन आणि घराघरांतून जाणारा तुटक बाण. पोरं समजून निघून गेली. संध्याकाळी लोक कामावरून आले आणि गल्लीत बोंब झाली. रस्ता रुंद करायला निघालेत, घरं मोजून खुणा करून गेलेत! समोरचे तेलुगू पेन्शनर धोतर सावरत आले, "अन्ना, मेरा घर के ऊपर बाण है, तुमारे घर के ऊपर नई. ऐसा कायकू?" मी म्हटलं, बाण आमच्याच घराकडे येतोय. ते अजूनच भडकले, "मतलब तुमारे वास्ते हमारा तोडते?" दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली मोर्चा घेऊन वॉर्ड ऑफिसला. तिथला साहेब भला माणूस, स्वतः बघायला आला, भिंतीला बोट लावून वास घेतला आणि म्हणाला, आम्ही लाल रंग वापरतो, खडू नाही. तेवढ्यात मास्तर एका पायात कोल्हापुरी, दुसऱ्यात रबरी घालून गच्चीवरून उतरले आणि गर्दी बघून आनंदून म्हणाले, "अरे वा, तुम्हालाही शिकायचंय?" त्या दिवशी त्यांना गल्लीनं मारलं नाही याचं श्रेय हिचं. तिनं त्यांच्या हातात बादली दिली आणि सगळ्या भिंती धुवायला लावल्या. ते भिंत धुताना पेन्शनरांनाही समजावत होते. पेन्शनरांना म्हणे समजलं. मला शंका आहे.

असा हा माणूस. त्याच्यावर हसायचं सोडून मी त्याला मानायला कधी लागलो, तेही सांगतो.

आम्ही बौद्ध. गावात माझ्या आईच्या हातचं पाणीसुद्धा कुणी घेत नव्हतं. ताटाआधी नाव विचारायचे आणि नावानंतर ताट लागतच नव्हतं. हैदराबादेत कुणी एवढं खोदत नाही. पण पुण्याकडची पोरं होती, चांगल्या घरची होती, आणि चांगल्या घरांत हा प्रश्न जरा हळू आवाजात विचारतात एवढंच. एका रविवारी नवा आलेला एक जण, भांग चापूनचोपून पाडलेला, जेवून हात धुऊन मास्तरांजवळ गेला. मी ओट्यावरच होतो. "सर, इथं स्वयंपाक कोण करतं? म्हणजे, कोणाकडचं आहे हे? आडनाव काय?" आतली भाकरी थापायचा आवाज थांबला. माझ्या कानात कारखान्याच्या भोंग्यासारखं वाजायला लागलं.

मास्तर स्वतः जानव्याच्या घरातले. त्यांनी खडू खिशात ठेवला. म्हणाले, "तू काय मागितलंस?"

"ताट."

"मिळालं?"

"हो सर."

"पोट भरलं? जीभ पोळली?"

"नाही... म्हणजे भरलं. चांगलं होतं."

"मग करार पुरा झाला. बाहेरच्यानं आतलं नाव विचारलं की प्रोग्राम मोडतो. चार दिवस झाले तुला शिकवतोय. इथं मोडलेला मला चालणार नाही."

"पण सर, घरी विचारतील."

"घरी सांग, आमच्या सरांनी विचारायची परवानगी दिली नाही."

पोरगा खाली मान घालून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी फळीवर टकटक झाली. "मावशी, ताट!" त्याचाच आवाज. "आणि जरा चटणी जास्त." आतली भाकरी परत थापली जायला लागली. जे माझ्या आईला जन्मभर भोगावं लागलं, त्याचं या हौल्या माणसानं खडूचं एक गणित करून टाकलं होतं आणि गणितात तो प्रश्नच चूक ठरवला होता. त्या रात्री जेवणात मास्तरांच्या भाकरीवर लोण्याचा गोळा होता. माझ्या नव्हता.

मग पाटीचं निघालं. ही साक्षरता वर्गात जाऊन नाव लिहायला शिकली होती. एकदा आबिड्सला गेलो तेव्हा एका पेंटरच्या दुकानाबाहेर ओल्या रंगाच्या पाट्या वाळत ठेवलेल्या. ही तिथं रेंगाळली. घरी आल्यावर भाजी निवडता निवडता म्हणाली, "माझं नाव कधी रंगात लिहिलेलं बघितलं नाही हो मी. खिडकीवर लावली एखादी पाटी तर?" मी म्हटलं, उद्याच करू. मास्तर दारातच होते. ते घाईघाईनं म्हणाले, "नको मावशी. बाहेर नाव नको. नाव आलं की लोक ताट सोडतील आणि नाव धरतील. आणि नावामागून काय येतं ते तुम्हाला माहीत आहे." तिनं भाजीची जुडी परत हातात घेतली. मग म्हणाली, "बरोबर आहे. खिडकीला काय करायचंय नाव." तिचा मास्तरांवर फार विश्वास. विषय संपला. पण त्यानंतर पीठ घेताना तिनं परातीत बोटानं पहिलं अक्षर काढलं आणि पाणी ओतून मोडलं, ते मी बघितलं. मास्तरांनीही बघितलं असावं. ते खिडकीत उभे होते.

पुढं फार सांगवत नाही. छातीत कळ आली म्हणाली. दवाखान्यात नेलं. घरी आणली ती आम्ही चौघांनी उचलून.

काही दिवस गेले तरी पोरं येत राहिली. काहींना माहीत होतं, काहींना नव्हतं. हातच तेवढे बघितलेले, हात दिसले नाहीत म्हणजे काय झालं हे कुणाला कसं कळणार? फळीवर टकटक व्हायची, "मावशी, ताट!" आणि मी आत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचो. तेव्हा मास्तरांनी मनावर घेतलं. म्हणाले, "काका, कारखाना बंद ठेवायचा नाही. आतलं बदललं तरी बाहेरच्याला कळता कामा नये, त्यासाठीच तर हे सगळं असतं." विद्यानगरच्या एका मेसमधून डबे आणले, आमच्याच ताटांत वाढले, भाकरी, पिठलं, चटणी, सगळं. स्वतः हिच्या जागी खाली बसले आणि कोपरापर्यंत हात बाहेर काढून ताट दिलं. त्यांच्या मनगटावर घड्याळ होतं. बाहेर पोरांनी खाल्लं. कुणी वाईट म्हटलं नाही. वाईट नव्हतंच. पोट भरणारं होतं, पचणारं होतं, जीभ पोळत नव्हती. एका पोरानं अर्धं ताट परत फळीवर ठेवलं आणि निघून गेला.

मास्तर ते ताट मांडीवर घेऊन चुलीपाशी बसून राहिले. "काका," ते म्हणाले, "करारात काही राहून गेलंय का?" मी म्हटलं, "तुमचा करार मला कळत नाही मास्तर. मला फक्त ती नाही एवढं कळतं." त्यांनी उठून झडप लावून घेतली. मग तिथंच उभे राहून, पाठ माझ्याकडे ठेवून, त्यांनी विचारलं, "मावशींचं नाव काय?"

एवढी वर्षं एका घरात राहिलेला माणूस. कुणाचं नाव न विचारणारा. मी सांगितलं. त्यांनी एकदा हळू म्हणून बघितलं आणि गच्चीवर गेले.

आठवड्यानं ते कागदात गुंडाळलेली पाटी घेऊन आले. आबिड्सच्या त्याच पेंटरकडून करून घेतलेली. निळ्या जमिनीवर पांढरी अक्षरं, कडेनं पिवळी वेल. नुसतं नाव, चांगलं ठसठशीत. आणि मग या माणसानं काय करावं? हातोडी घेतली आणि पाटी झडपेच्या आतल्या बाजूला ठोकली. स्वयंपाकघराकडे तोंड करून! "अहो मास्तर," मी ओरडलो, "पाटी घराच्या आत लावतात का कुठं? कोण वाचणार?" ते खिळे तोंडात धरून म्हणाले, "नाव आतच असतं काका. फॅक्टरीत एकाच ठिकाणी असतं, आणि ते आत." मला असा राग आला! बाई गेली तरी यांचं गणित सुटेना. मी म्हटलं, "बाहेर लावा नाहीतर काढून टाका." तर म्हणाले, "आता राहू द्या. खिडकी उघडाल तेव्हा बघा."

त्यानंतर लवकरच मास्तर अमेरिकेला गेले. त्या दिवसांत जो तो जायचा. कॉम्प्युटरवाल्यांना तिकडून हाका येत होत्या. जाताना एका पायात कोल्हापुरी आणि दुसऱ्यात बूट होता. टॅक्सीवाल्याला म्हणाले, "उडनेवाली चीज के पास ले जाना." टॅक्सीवाला माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "एअरपोर्ट, मियाँ. साब अच्छे हैं, बस थोडे हौले." टॅक्सी वळेपर्यंत मास्तर मागच्या काचेतून खिडकीकडे बघत होते.

तिकडून त्यांचा फोन यायचा. सणाला यायचा, कधी सण नसताना यायचा. तब्येत विचारायचे, पाण्याची टाकी विचारायचे आणि शेवटी एकच प्रश्न, "काका, खिडकी उघडली का?" "नाही." "बरं," म्हणायचे आणि ठेवायचे. मला वाटायचं, याला चहाचं नाव घेता येत नाही, याला माझं दुःख काय कळणार. घरात दिवसा दिवा लावून मी त्या आतल्या पाटीकडे बघत जेवायचो. मला वाचायला वेळ लागतो. एक एक अक्षर वाचायचो आणि मग भाताचा घास घ्यायचो. ती नाव वाचून काय म्हणाली असती, याचा विचार करत भात गार व्हायचा.

गेल्या महिन्यात दुपारी फळीवर टकटक झाली. मी दचकलो. आता कोण टकटक करणार? परत झाली, आणि बाहेरून आवाज आला, "मावशी, ताट!" थट्टेचा नव्हता. हसरा होता, आणि जरा घाबरलेला. तिनं ऐकला असता तर पिठलं-भाकरीचं ताट दिलं असतं, असा आवाज. मी उठलो. कडी गंजली होती, हातोडीनं सैल करावी लागली. झडप ढकलली. ती करकरत बाहेर फिरली, पार फिरून भिंतीला टेकली आणि आकड्यात अडकली.

समोर तो भांग पाडलेला उभा होता. आता भांगाला केस कमी होते आणि गळ्यात कंपनीचं कार्ड होतं. तो माझ्याकडे बघत नव्हता. तो बाजूला, भिंतीला टेकलेल्या झडपेकडे बघत होता. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आतली बाजू बाहेर आली होती. बंद असताना जे नाव माझ्यासाठी होतं, ते उघडल्यावर गल्लीसाठी झालं होतं. जन्मभर मशिनी जोडल्या मी, त्या बिजागऱ्या माझ्या हातांनी बसवल्या, आणि एवढं मला कळलं नाही. कॉम्प्युटरवाल्या हौल्याला कळलं.

पोराचं शिक्षण इंग्रजीतलं. मराठी वाचायला त्याला माझ्याइतकाच वेळ लागत होता. ओठ हलवत, एक एक अक्षर जोडत त्यानं वाचलं, "सो...ज...र...बा...ई." मग माझ्याकडे बघितलं. "या मावशी?"

मी मान हलवली. ताट आता नाही, हे त्याला सांगावं लागलं नाही.

तो फळीवर हात ठेवून उभा राहिला. म्हणाला, "काका, सरांनी विचारायची परवानगी दिली नव्हती. म्हणून नंतर कधी विचारलं नाही." त्यानं परत पाटीकडे बघितलं. "आता विचारू का? कोण होत्या त्या?"

त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि सांगायला लागलो. आडनाव सांगितलं, गाव सांगितलं, परातीतलं अक्षर सांगितलं. तो दिवस मावळेपर्यंत बसला होता.

तेव्हापासून झडप मी दिवसा लावत नाही. रंग अजून ताजा आहे, पेंटर चांगला होता. मास्तरांचा फोन त्यानंतर आलेला नाही. येईल. मी ओट्यावर, फोनची घंटा ऐकू येईल एवढ्या अंतरावर बसतो. या खेपेला त्यांनी विचारायच्या आधीच सांगणार आहे. येणारे-जाणारे थांबतात, पाटी वाचतात, फळीकडे बघतात. कुणी कुणी विचारतं, इथं काय मिळतं? ताट मला देता येत नाही. नाव विचारलं, तर देतो.